माफी नको होती

‘माझं चुकलं’ एवढं म्हटलं असतं, तर हॉलची किल्ली माझ्याकडेच राहिली असती. तेही नीट म्हणायची गरज नव्हती. मान खाली घालून गप्प बसले असते तरी चाललं असतं. बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणांना अजून वाटतं की मी हट्टाने सगळं वाढवलं. कॉलेजात गेल्यावर पोरींना शिंगं फुटतात, असं एकदा लिफ्टमध्ये माझ्या पाठीमागे कुणीतरी म्हणालंसुद्धा. हे मी त्यांना उत्तर म्हणून लिहीत नाही. म्हणजे थोडंफार तसंही असेल. पण मला वर्गात एक शब्द मिळाला होता, आणि तो वर्गाबाहेर वापरायची वेळ आली तेव्हा काय झालं, ते मला सांगायचं आहे.

तो शब्द म्हणजे ‘समर्थनीय’. मी बी. ए. ला आहे, तत्त्वज्ञान घेऊन. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाबा टेम्पो चालवतात, आई साड्यांना फॉल-पिको करते. तत्त्वज्ञान म्हणजे नेमकं काय शिकवतात, हे मला अजून त्यांना धड सांगता आलेलं नाही. नीतिशास्त्राच्या तासाला मॅडमनी एकदा फळ्यावर दोन शब्द लिहिले, ‘क्षम्य’ आणि ‘समर्थनीय’. म्हणाल्या, असं का केलंस, या प्रश्नाची ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पेपराला उशीर झाला कारण घरच्या आजारपणात जागरण झालं आणि सकाळी डोळा लागला, हे क्षम्य. उशीर चुकीचाच, पण माणसाकडे बघून माफ करता येतो. पेपराला उशीर झाला कारण रस्त्यात कोसळलेल्या माणसाला दवाखान्यात पोहोचवलं, हे समर्थनीय. इथे माफ करण्यासारखं काही नाहीच. जे केलं ते त्या वेळी करायलाच हवं होतं, आणि करणारा त्याच्या बाजूने उभा राहू शकतो.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती मला त्या दिवशी तितकी महत्त्वाची वाटली नव्हती. आपलं कारण आपल्याला पटलं म्हणून भागत नाही, त्या म्हणाल्या. ज्याचं नुकसान झालं त्याच्या तोंडावर ते सांगता आलं पाहिजे, आणि त्यालाही ते तपासून बघता आलं पाहिजे.

तास संपल्यावर मी घाबरत घाबरत त्यांना सांगितलं की हा शब्द मी आत्तापर्यंत फक्त ‘नाही’ला जोडूनच वाचला आहे. वर्तमानपत्रात असतं, कुणी दगडफेक केली, कुणी कुणाला मारलं, की कुठलातरी नेता म्हणतो, हे कृत्य समर्थनीय नाही. अमुक गोष्ट समर्थनीय आहे, असं कुणी छातीठोकपणे म्हटलेलं माझ्या वाचनात आलं नव्हतं. मॅडम हसल्या. “मग ‘नाही’ काढून वापरून बघ कधीतरी,” त्या म्हणाल्या. “जड जाईल पण.”

आता हॉलचं सांगते. परळची आमची चाळ पाडून तिच्या जागी टॉवर झाला. आम्ही सगळे चाळकरी आता एकाच टॉवरमध्ये एकमेकांच्या डोक्यावर राहतो. चाळीत व्यायामशाळेच्या बाजूला एक खोली होती, तिथे मुलं अभ्यास करायची. तिची किल्ली कायम सगळ्यात वरच्या वर्गात शिकणाऱ्याकडे असायची. कुणी ठरवलेलं नव्हतं, पण तसंच चालायचं. टॉवरमध्ये आल्यावर तळमजल्याच्या हॉलला तोच नियम लागला. सकाळी मुलांसाठी अभ्यासिका, संध्याकाळी कुणाचा वाढदिवस, बारसं, हळद. मी दुसऱ्या वर्षाला आले तेव्हा किल्ली माझ्याकडे आली. आईने ती देव्हाऱ्यात ठेवली असती, पण आमच्या घरात देव्हारा नाही. बुद्धांच्या फोटोशेजारच्या खिळ्याला तिने ती लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली.

मे महिन्यातली गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावर एक मालवणी काका-काकी राहायचे. चाळीत ते आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. काकी आजारी पडल्या म्हणून त्यांना जवळच्याच इस्पितळात नेलं होतं. एका सकाळी त्या गेल्या. मुलगा गावाला घराचं छप्पर शाकारायला गेलेला, तो निघाला होता, पण पोहोचायला दुपार होणार होती. इस्पितळातून काकींना शववाहिनीतून बिल्डिंगमध्ये आणलं. घरी नेऊन ठेवायचं, मुलगा आला की भोईवाड्याच्या स्मशानात न्यायचं, असं ठरलं होतं.

आणि मोठी लिफ्ट बंद. मेकॅनिक ती उघडून बसला होता. छोट्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. जिन्याने इतके मजले चढवणं शक्य नव्हतं. शववाहिनीच्या ड्रायव्हरला दुसरीकडे जायचं होतं, तो सारखा घड्याळ बघत होता. शेवटी कुणीतरी म्हणालं, पार्किंगमध्ये सावली आहे, तात्पुरतं तिथे ठेवू.

म्हणून काकींना दोन गाड्यांच्या मधल्या जागेत ठेवलं. मी तिथेच होते. समोरून कुणीतरी आपली गाडी मागे घेत होतं, तिचा तो पीं पीं आवाज चालू होता. बॅगेत जेवण घेऊन आलेला डिलिव्हरीवाला काकींना वळसा घालून लिफ्टकडे गेला, त्याला बिचाऱ्याला कळलंही नसेल. बायका उभ्याच, कारण जमिनीवर ऑइलचे डाग. चाळीत कुणी गेलं की शेजारची खोली रिकामी व्हायची. सामान गॅलरीत यायचं, चटया घातल्या जायच्या, दुःख असलेल्या घरात चूल पेटवायची नाही म्हणून दुसऱ्यांकडून चहा-भात यायचा. इथे तर बसायलाही जागा नव्हती. एकाने सुचवलं की परत इस्पितळाच्या शवागारात नेऊ या, मुलगा आला की आणू.  काका म्हणाले, “आता तिका आणखी खंय न्हेतास?” आणि खाली वाकून काकींच्या पायावरची चादर सारखी करायला लागले.

हॉल समोर होता आणि त्याला कुलूप होतं.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये साखरपुडा होता. चौदाव्या मजल्यावरच्या ताईचा. हे मला माहीत होतं. म्हणूनच अभ्यासिका लवकर बंद करून किल्ली मी खिशात टाकली होती. मी सेक्रेटरी काकांना फोन केला. ते कामावर होते. ते म्हणाले, हॉल फक्त मंगल कार्यासाठी आहे, कुणी काही उघडू नका, मी आलो की बघू. मी विचारलं, कधी येणार. ते म्हणाले, संध्याकाळी.

फोन ठेवून मी किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही, पण मी विचार केला होता, हे पुढच्या भांडणात फार महत्त्वाचं ठरलं म्हणून सांगते. ताईचा विचार आला, तिच्या आईचा आला. साखरपुडा दुसरीकडे होऊ शकतो, असं माझ्या मनात आलं. काकींना मात्र दुसरी जागा नव्हती. मग मी कुलूप काढलं.

आत डेकोरेशनवाला आपलं सामान आधीच टाकून गेला होता. भिंतीला खोट्या फुलांची कमान टेकवलेली आणि मधोमध नवरा-नवरीचा सोनेरी सोफा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. आम्ही काकींना आणलं, मी अभ्यासिकेची चटई अंथरली. एका बाईंनी सोफ्याकडे बघितलं आणि त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग बायका खाली बसल्या. कुणीतरी तुळशीचं पान आणलं. सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने रडलं. मुलगा दुपारी आला, बूट न काढता आत धावला, मग परत मागे जाऊन त्याने बूट काढले. थोड्या वेळाने काकींना नेलं. आम्ही फिनेल टाकून हॉल दोनदा पुसून काढला आणि सोफा परत होता तसा ठेवला.

ताईच्या आईला अर्थातच कळलं. मी त्यांना मावशी म्हणते. त्या खाली आल्या आणि हॉलच्या दारातच उभ्या राहिल्या, उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.  साखरपुडा त्यांनी घाईघाईने दादरला भावाच्या घरी केला. निम्मे पाहुणे हॉलवर येऊन परत गेले, केटररचं जेवण टेम्पोतून दादरला न्यावं लागलं. तो टेम्पो बाबांचाच होता. बाबांनी स्वतःहून गाडी काढली. वाटेत मावशींनी त्यांच्याशी एक शब्दही काढला नाही म्हणे.

पुढच्या रविवारी मीटिंग लागली. त्याआधीचे दिवस घरात वाईट गेले. आई म्हणत होती की मी योग्यच केलं, पण माफी मागून टाकावी. या दोन गोष्टी तिच्या मनात एकत्र सुखाने राहात होत्या. तिने आयुष्यभर तसंच केलं आहे. शाळेत माझी फी उशिरा भरली तेव्हा, रेशनच्या दुकानात, चाळीच्या नळावर, बरोबर असतानाही ती आधी ‘चुकलं’ म्हणायची आणि आपलं काम करून घ्यायची. ती मला शिकवत होती ते खोटं नव्हतं. त्यावर आमचं घर चाललं आहे. पण मला ते बघूनच आता ते करायचं नव्हतं.

माझी मैत्रीण, जी माझ्याबरोबर अभ्यासिकेत बसते, तिचं सरळ होतं. “सॉरी बोल ना यार. सॉरीवर काय जीएसटी लागतो?”

“मला नाही वाटत सॉरी.”

“वाटायला कोण सांगतंय? बोल फक्त. माझे बॅकलॉग आहेत, किल्ली गेली तर मी कुठे मरू? घरात दोन टीव्ही चालू असतात.”

तिचा मुद्दा मला टोचला, कारण माझीही परीक्षा होती. आमच्या घरात आईचं मशीन दिवसभर चालतं. हॉल गेला तर मला बसायला जागा नाही. हे मला पक्कं माहीत होतं.

मी मॅडमना विचारलं नाही. विचारावंसं वाटलं, पण त्यांनी काही सांगितलं असतं तर मीटिंगमध्ये मी त्यांचं बोलले असते.

मीटिंग हॉलमध्येच होती. खुर्च्या भरल्या, बाकीचे भिंतीला टेकून उभे. सेक्रेटरी काकांनी आधी नियम वाचून दाखवला. मग एक कमिटी मेंबर बोलायला लागले. त्यांचं म्हणणं, किल्ली विश्वासाने दिली होती, अभ्यासासाठी, तिचा गैरवापर झाला. इथपर्यंत ठीक होतं. मग ते माझ्या बाबांकडे बघत म्हणाले, “यांच्या घरात मुहूर्त, सुतक काही मानतच नाहीत. हिला काय फरक पडतो? फरक आम्हाला पडतो.”

 बाबा भिंतीला टेकलेले होते, ते सरळ उभे राहिले. चाळीत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या एका नळावर पाणी भरलं, पण हे वाक्य कुठेतरी खाली असतंच आणि वेळ आली की वर येतं. मला राग आला. पण रागापेक्षा जास्त, मॅडमनी शेवटी सांगितलेलं ते वाक्य आठवलं. ज्याचं नुकसान झालं त्यालाही तपासता येईल असं कारण हवं. मी मुहूर्त मानत नाही, हे कारण माझ्या घरापुरतं होतं.

मी उभी राहिले. 

“म्हणूनच मी ते कारण दिलेलं नाही,” मी म्हटलं. “तुम्ही मानता ते धरूनच मी बोलते आहे. तुमच्यात कुणी गेलं तर त्याला गाड्यांच्या मधे ठेवतात का?”

मागून कुणीतरी म्हणालं, “आता मॅडम लेक्चर देणार.” काही जण हसले. मी मावशींकडे वळले, कारण मला त्यांच्याशीच बोलायचं होतं. त्यांना सांगितलं की त्यांच्या समारंभाची धावपळ झाली, ताईच्या दिवसाला गालबोट लागलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. ते मी पुसू शकत नाही. पण हॉल उघडला नसता तर काकी दुपारपर्यंत पार्किंगमध्ये राहिल्या असत्या. ताई आणि काकी, दोघींपैकी एकीलाच दुसरी जागा मिळू शकत होती.

मावशी बराच वेळ हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, “तुझं बोलणं कळतंय मला. पण उद्या हिच्या सासरी कुणी आजारी पडलं, धंद्यात खोट आली, तर ते हेच काढतील. हिलाच ऐकावं लागेल. तुला नाही.”

  त्यांची भीती खरी आहे. असं होतं, आणि ते मुलीलाच सोसावं लागतं. मी इतकंच म्हटलं की असं कुणी बोललं तर मी येऊन सांगेन की कुलूप मी उघडलं, तुम्ही नाही. ते फार पोरकट वाटलं असेल. पण मावशींनी मान हलवली. हो म्हणून की राहू दे म्हणून, कळलं नाही.

मग चेअरमन बोलले. ते वयाने मोठे, चाळीपासूनचे, सगळ्यांना आजोबांसारखे. त्यांचा स्वभाव भांडण मिटवण्याचा. ते म्हणाले, पोरगी लहान आहे, काकींचा लळा होता, भावनेच्या भरात झालं. सकाळी सकाळी मयत समोर बघून कुणाचंही डोकं जाग्यावर राहात नाही. तेव्हा कमिटी तिला माफ करते. किल्ली तिच्याकडेच राहू दे, परीक्षा आहे तिची. विषय संपला.

 खुर्च्या सरकल्या. आईने पदराने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बघून हसली. मैत्रिणीने लांबून अंगठा दाखवला. मी फक्त गप्प बसायचं होतं. सेक्रेटरी काका कमिटीच्या रजिस्टरमध्ये लिहायलाही लागले होते.

मला अजून सांगता येत नाही की मी गप्प का बसले नाही. चेअरमन आजोबा खरंच चांगुलपणाने बोलत होते. पण ते ऐकताना मला दिसत होतं की त्यांनी मला वाचवण्यासाठी तो सगळा दिवसच बदलून टाकला. त्यांच्या गोष्टीत मी घाबरलेली पोर होते, काकी म्हणजे डोकं फिरवणारं मयत होतं, आणि कुलूप उघडणं ही चूक होती. आणि चूक म्हणून लिहून ठेवलं की पुढच्या वेळी कुणी गेलं तर कुलूप कुणीच उघडणार नव्हतं. ज्याच्याकडे किल्ली असेल तो म्हणेल, मागे एका मुलीने चूक केली होती, तिला माफ करावं लागलं होतं.

“आजोबा, मी माफी मागितलेली नाही,” मी म्हटलं.

“राहू दे गं आता,” ते म्हणाले. “मिटलंय ना?”

“पण भावनेच्या भरात नाही केलं मी. फोन केला होता, नको म्हणाले, तरी विचार करून उघडलं. माफ केलं असं लिहू नका. मी केलं ते समर्थनीय होतं.”

कुणीतरी विचारलं, “काय होतं?” कुणीतरी म्हणालं, “बरोबर होतं म्हणतेय.” मी म्हटलं, नुसतं बरोबर नाही. तुमच्यासमोर उभं राहून मी त्याची बाजू घेऊ शकते, आणि घेते आहे.

सेक्रेटरी काकांनी पेन खाली ठेवलं. ते चिडलेले नव्हते, थकलेले होते. “म्हणजे पुन्हा असं झालं तर तू पुन्हा उघडणार?”

आई मान हलवून मला नको नको करत होती. मला ती दिसत होती.

“हो,” मी म्हटलं.

“मग किल्ली तुझ्याकडे कशी ठेवू? तूच सांग.”

त्यांचं चूक नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं. मी पुढे गेले आणि किल्ली टेबलावर ठेवली. एवढा वेळ ती माझ्या मुठीत होती, हे मला तेव्हा कळलं. हाताला तिचे दाते उमटले होते.

आई घरी येऊन सरळ मशीनवर बसली. बाबांनी जेवताना एवढंच विचारलं की तो शब्द काय होता. मी सांगितला. त्यांनी तो एकदा म्हणून बघितला, अडखळले, आणि आमटी वाढून घेतली.

किल्ली आता वॉचमनकडे असते. अभ्यासिका चालू आहे, पण नियम मोडून माफीही मागितली नाही म्हणून कमिटीने मला तिथे बसायला मनाई केली आहे. मैत्रीण बसते, मला त्याचं वाईट वाटत नाही. म्हणजे कधीकधी वाटतं. मी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर खिडकीखाली चटई टाकते. तिथे लिफ्टच्या मशीनची घरघर येते आणि संध्याकाळी उजेड लवकर जातो. काका फिरायला उतरतात तेव्हा आता मुद्दाम जिन्याने येतात. पाय दुखतात त्यांचे, तरी. माझ्याजवळ थांबून विचारतात, आज किती झालं, आणि उत्तर न ऐकताच खाली जातात.

प्रत्येक मीटिंगला मी जाते. हात वर करते. पार्किंगची मापं, पाण्याची वेळ, पेंटिंगचं कंत्राट, सगळं झालं की सेक्रेटरी काका उसासा टाकून म्हणतात, बोला. मी तेच विचारते. पुढच्या वेळी लिफ्ट बंद असेल आणि माणूस खाली असेल, तर त्याला कुठे ठेवायचं? हॉल नको तर नको, मग जागा सांगा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा लोक हसले. परवा विचारलं तेव्हा कुणी हसलं नाही. एक बाई म्हणाल्या, हो, ते ठरवायला पाहिजे. मी बघितलं तर त्या मावशी होत्या, ताईच्या आई. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, समोर कमिटीकडेच बघत होत्या. अजून काही ठरलेलं नाही. पुढच्या मीटिंगलाही मी हात वर करणार आहे.